लहान आहे, त्याला काय कळतंय!

जोनाथन सॅफ्रन फोअरच्या 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज' या कादंबरीचा विषय कुठेही काढा, पाच मिनिटांच्या आत कोणीतरी तो प्रश्न विचारतंच. "पण नऊ वर्षांचा मुलगा असा बोलतो का?" विचारणारा बहुतेक वेळा चांगला वाचणारा असतो, त्यामुळे आजूबाजूचे दोघं-तिघं लगेच माना डोलावतात. मग 'गिमिक आहे', 'रडवायचे धंदे आहेत' वगैरे होतं आणि मंडळी कॉफीच्या मशीनकडे वळतात. पुस्तक २००५ सालचं. वीस वर्षं उलटून गेली, पण प्रश्न काही जुना होत नाही. माझ्या तो आता डोक्यात जायला लागलाय, म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्कर शेल, वय वर्षं ९, मुक्काम न्यूयॉर्क. वडील जवाहिरे. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी त्यांची मीटिंग होती वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडच्या टॉवरमध्ये, अगदी वरच्या मजल्यांवरच्या 'विंडोज ऑन द वर्ल्ड' या रेस्टॉरंटमध्ये. त्या टॉवरवर विमान आदळलं ८ वाजून ४६ मिनिटांनी आणि टॉवर कोसळला १० वाजून २८ मिनिटांनी. (रेस्टॉरंट खरं होतं. त्या सकाळी तिथे असलेल्यांपैकी एकही जण वाचला नाही.) वडिलांचं काहीच हाती लागत नाही, शवपेटी रिकामीच पुरली जाते. पुढे केव्हातरी ऑस्करला वडिलांच्या कपाटात एका निळ्या फुलदाणीत एक पाकीट सापडतं. आत किल्ली, वर लिहिलेलं 'ब्लॅक'. मग हा पठ्ठ्या न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक आडनावाच्या सगळ्या माणसांना भेटायचं ठरवतो. माणसं ४७२, पत्ते २१६. दर शनिवार-रविवारी तो बाहेर पडतो, हातात एक डफली घेऊन.

आता तो प्रश्न. नऊ वर्षांचा मुलगा असा बोलतो का? नाही बोलत. पण मला सांगा, कुठल्या कादंबरीतला निवेदक खऱ्या माणसासारखा बोलतो? साठीचा गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दन् शब्द आठवून चारशे पानं सांगत बसतो, ते आपण मुकाट्याने वाचतो. मेलेली माणसं कथा सांगतात, कुत्री सांगतात, झाडं सांगतात. आपल्याला काडीचाही त्रास होत नाही. मग या एका पोरानेच काय घोडं मारलंय?

मला विचाराल तर लोकांना त्याची भाषा खुपतच नाही. खुपतं ते तो कशाबद्दल बोलतो ते. ऑस्करला वडील 'गेले' एवढ्यावर थांबायचंच नाहीये. त्याला हवंय ते नेमकं. कसे गेले? धुराने गुदमरून? लिफ्टमध्ये अडकून? की खिडकीतून उडी मारली त्यांनी? टॉवरमधून पडणाऱ्या माणसांची जी चित्रं अमेरिकेत लोकांना दाखवली गेली नाहीत ती त्याला एका पोर्तुगीज वेबसाइटवर मिळतात. आपल्या वडिलांच्या मरणाबद्दल जगभरच्या माणसांना माहिती असावी आणि आपल्याला नसावी, याचा त्याला भयंकर राग येतो. त्यातल्या एका फोटोतला माणूस वडील असू शकेल म्हणून तो चित्र मोठं करत जातो, मोठं करत जातो, शेवटी नुसते चौकोन उरतात. आपण सगळ्यांनी केव्हातरी कमी रिझोल्यूशनचा फोटो असा ताणून बघितलाय. त्यात नसलेली माहिती त्यातून काढता येत नाही हे आपल्याला माहीत असतं. ऑस्करलाही माहीत आहे. तरी तो ताणतो. हे वाचताना 'मुलं अशी बोलतात का' हा प्रश्न सुचणं म्हणजे समोर घर जळत असताना पाइपचा रंग बरोबर आहे का ते बघणं.

दुसरी तक्रार त्याच्या शोधांबद्दल असते. ऑस्करला रात्री झोप लागत नाही तेव्हा तो डोक्यातल्या डोक्यात यंत्रं बनवतो. पक्ष्यांना घालायच्या दाण्यांचा शर्ट. किंवा अशी इमारत की जिच्यात लिफ्ट जागच्या जागी राहते आणि इमारतच वर-खाली होते. समीक्षक म्हणतात, गोग्गोड. वाचक म्हणतात, क्यूट. अरे, जरा थांबा! आपण धंद्याने काय करतो? समोरचा माणूस जे फीचर मागतो त्यामागची त्याची खरी गरज काय हे शोधतो ना? मग इथे शोधा की. दाण्यांचा शर्ट कशासाठी, तर उंचावरून सुटायची वेळ आली तर पक्षी येऊन उचलतील. खाली-वर होणारी इमारत कशासाठी, तर तुम्ही ९५ व्या मजल्यावर असाल आणि खाली विमान आदळलं तर तुमचा मजला जमिनीला टेकेल. अशी डिझाइन्स एकामागून एक येत राहतात, आणि त्यातल्या कितीतरींची रिक्वायरमेंट एकच: एका उंच इमारतीवरून एका माणसाला जिवंत खाली आणणे. ज्याला हे क्यूट वाटतं त्याने स्पेक वाचलेलाच नाही.

पुस्तकात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. पुस्तक आलं तेव्हा 'न्यूयॉर्क प्रेस' या साप्ताहिकात हॅरी सीगल नावाच्या समीक्षकाने त्याच्या नावाचंच विडंबन करून ते चिकट आणि खोटं आहे असं ठणकावलं होतं. त्याच्या रागातला थोडा भाग मलाही पटतो. ऑस्करच्या आजोबांची प्रकरणं जड होतात. आजोबा जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात त्यांची प्रेयसी गेली, सगळं गेलं आणि पुढे हळूहळू त्यांची वाचाही गेली. दोन तळव्यांवर 'हो' आणि 'नाही' गोंदवून घेऊन ते जगतात. इथपर्यंत ठीक. पण मग कोरी पानं, एकावर एक छापत जाऊन काळी झालेली पानं, लाल शाईच्या खुणा... पस्तिशीच्या आतल्या लेखकाला हातात डीटीपी सॉफ्टवेअर मिळालं की काय होतं त्याचा हा नमुना. त्यातली एकच करामत मला खरोखर आवडते. आजोबा बऱ्याच वर्षांनी बायकोला फोन करतात, बोलता तर येत नाही, म्हणून फोनची बटणं दाबून बोलतात. पानंच्या पानं नुसते आकडे. एका बटणावर तीन-तीन अक्षरं, त्यामुळे ते उलगडून परत शब्द करायला गेलं की प्रत्येक शब्दाच्या असंख्य शक्यता. जुन्या नोकियावर मेसेज केलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय. माणूस जीव तोडून सगळं सांगतोय आणि पलीकडे नुसती टूं टूं पोचतेय. असो. आजोबांबद्दल वाद घालायचा असेल तर घाला, मी अर्ध्या वाटेवर भेटेन. ऑस्करबद्दल मात्र एक पाऊलही मागे येणार नाही.

कारण या कादंबरीचा गाभा किल्ली नाहीच. गाभा आहे एक आन्सरिंग मशीन. त्या दिवशी शाळा लवकर सुटते, ऑस्कर घरी येतो, घरात कोणी नाही. मशीनवर वडिलांचे पाच निरोप. तो ते ऐकतो. आणि मग फोन वाजतो. सहाव्यांदा. फोन कोणाचा आहे ते त्याला कळलेलं असतं आणि तरी त्याचा हात पुढे होत नाही. मशीन निरोप घेत राहतं, तो तिथे उभा राहून ऐकत राहतो. नंतर तो काय करतो? अगदी तस्साच नवा फोन विकत आणतो, वडिलांच्या आवाजातलं स्वागत त्यावर उतरवून घेतो, तो जागेवर ठेवतो आणि जुना लपवून टाकतो. आईला पत्ता लागू देत नाही. पुढचं वर्षभर नऊ वर्षांचं पोर हे एकट्याने वागवतं. अंगावर स्वतःच चिमटे काढून काळेनिळे डाग पाडतं. घरात आई आहे, समोरच्या इमारतीत आजी आहे, डॉक्टर आहे. सगळे त्याच्याशी प्रेमाने बोलतात. पण त्या दिवशी घरी येऊन तू काय केलंस, हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

मारीके लुकास रायनेव्हेल्ड या डच लेखकाची एक कादंबरी आहे, इंग्रजीत 'द डिस्कम्फर्ट ऑफ इव्हनिंग'. मूळ २०१८ ची, इंग्रजी भाषांतराला २०२० चं इंटरनॅशनल बुकर मिळालं. त्यात निवेदक आहे यास, दहा वर्षांची मुलगी, कट्टर धार्मिक शेतकरी कुटुंबातली. नाताळच्या जेवणासाठी आपला ससा कापणार अशी तिला भीती वाटते, म्हणून ती देवाला सांगते, सशाऐवजी भावाला ने. भाऊ स्केटिंगला जातो आणि बर्फ फुटून बुडतो. त्यानंतर ती अंगातला कोट काढायचंच नाकारते, महिनोन् महिने. आईवडील तिच्याकडे बघतात आणि त्यांना काय दिसतं? हट्टी मुलगी. न्यूयॉर्कचा मुलगा आणि नेदरलँड्सच्या गोठ्यातली प्रोटेस्टंट मुलगी. एकीकडे ठासून भरलेले विनोद, दुसरीकडे विनोदाचा लवलेश नाही आणि किळस मात्र मुबलक. (जेवताना वाचू नका.) पण यंत्रणा एकच. मुलाला वाटतं, हे माझ्यामुळे झालं. आणि ते कोणाला सांगता येत नाही, कारण सांगितलं तर उरलेली माणसंही जातील.

हे लेखकांच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. मारिया नॅगी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि परिसरातल्या ३ ते १० वर्षं वयाच्या ३७८ मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं, लिहायला लावलं, चित्रं काढायला लावली. हे काम १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्यांना ढोबळ तीन पायऱ्या दिसल्या. पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं वाटतं, परत येता येण्यासारखं. पाच ते नऊमधल्यांना मरण हा कोणीतरी माणूस वाटतो, येऊन नेणारा. आणि नऊच्या पुढे कळतं की हे कायमचं आहे आणि सगळ्यांना आहे. नंतरच्या अभ्यासकांनी या वयांबद्दल भांडणं केली, मुलांना याहूनही लवकर कळतं असं बऱ्याच जणांनी दाखवलं. उशिरा कळतं असं म्हणणारा मला तरी कोणी भेटलेला नाही. म्हणजे ऑस्करचं नऊ आणि यासचं दहा हे वय लेखकांनी गोडव्यासाठी निवडलेलं नाही. नेमकं हेच वय असं आहे की कळलेलं सगळं असतं, पण कळलेलं ठेवायला भांडं नसतं.

मोठ्यांकडे भांडी तयार असतात हो. 'दुःखद निधन', 'अल्पशा आजाराने', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आता तर तेवढंही टाइप करावं लागत नाही, हात जोडलेली एक इमोजी टाकली की झालं. मोठा माणूस दुःखात पडला की भाषा त्याला झेलते. चार शब्द आपोआप तोंडात येतात, दहा दिवसांचं वेळापत्रक गुरुजी हातात देतात, भेटायला येणाऱ्यांना 'काय झालं, कसं झालं' हे पन्नास वेळा सांगून सांगून ते थोडं बोथट होतं. मुलाला यातलं काय मिळतं? शेजारच्यांचं घर. 'तू जरा काकूंकडे बस हं.' हातात मोबाइल, त्यावर कार्टून.

आणि एक गोष्ट. ती हास्यास्पद आहे की भीषण, माझं अजून ठरत नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही. मग जमलेली मंडळी हात जोडून मोठ्यांदा काय सांगायला लागतात? 'मुलांची काळजी करू नका, आम्ही आहोत, मुलांचं सगळं नीट करू.' कावळ्याला सांगतात! इंजिनिअर, सीए, बँकेतले मॅनेजर, सगळे. आणि ती मुलं? ती त्या वेळी काकूंकडे कार्टून बघत असतात. त्यांच्याबद्दलचं आश्वासन कावळ्याला ऐकवलं जातं, त्यांना कोणी ऐकवत नाही. वर आपणच विचारणार, नऊ वर्षांचा मुलगा असा बोलतो का!

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या टीममधला एक जण गेला. नाव सांगत नाही. वय सदतीस, मुलगा आठ वर्षांचा. हॉस्पिटलातून परस्पर स्मशानात, घरी कोणी शेवटचं बघितलंही नाही. घरच्यांनी मुलाला सांगितलं, बाबा ऑनसाइटला गेलेत. अमेरिकेला. हसू नका, आणि चटकन नावंही ठेवू नका. घरात अजून दोघं पॉझिटिव्ह होते, आई स्वतः तापाने फणफणलेली, त्या दिवशी जे तोंडाला आलं ते कोणीतरी बोललं. माझा राग त्या दिवसावर नाहीच. माझा राग पुढच्या सात महिन्यांवर आहे. कारण ते 'ऑनसाइट' चालू राहिलं. आम्ही ऑफिसातली माणसं भेटायला गेलो की आम्हालाही दारातच सांगितलं जायचं, त्याच्यासमोर बोलू नका, त्याला काही माहीत नाही. आणि तो समोर बसलेला असायचा. आमच्यातल्या कोणालाही एकदासुद्धा विचारायचा नाही की अमेरिकेत आत्ता किती वाजलेत, बाबा कधी येणार, व्हिडिओ कॉल का करत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत म्हणे सारखा विचारायचा. मग बंद. 'विसरला बघा, मुलांचं बरं असतं,' असं एक मावशी आमच्यासमोर चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या.

दिवाळीनंतर वहिनींनी जुना टॅब रीसेट करायला घेतला तेव्हा त्यात वडिलांच्या नंबरवर पाठवलेले मेसेज दिसले. गृहपाठाचे फोटो, दोन-तीन ऑडिओ, मध्ये मध्ये नुसतं 'बाबा'. सगळ्यांपुढे एकच टिक. आणि शेवटचे मेसेज सॉरीचे होते. कशाबद्दल सॉरी, ते मला माहीत आहे, कारण वहिनींनी मग त्याच्याकडून काढून घेतलं. वडिलांना ताप येण्याच्या आदल्या दिवशी तो मास्क न घालता खाली सोसायटीत खेळायला गेला होता.

म्हणजे सात महिने एक आठ वर्षांचा मुलगा असं धरून बसला होता की बाबांना मी मारलं. आणि आम्ही सगळे शहाणे त्याच्यासमोर क्रिकेटवर बोलत होतो.

आपल्या धंद्यात एक अक्षम्य सवय असते, सगळ्यांना माहीत आहे. एक्सेप्शन पकडायचं आणि आतला ब्लॉक रिकामा सोडायचा. प्रोग्रॅम पडत नाही, स्क्रीनवर लाल काही दिसत नाही, डेमो छान होतो. चूक मात्र आत जिवंत असते आणि तिसऱ्याच कुठल्यातरी मॉड्यूलमध्ये, तिसऱ्याच महिन्यात, डेटा सडलेला सापडतो. कोड रिव्ह्यूमध्ये असा रिकामा ब्लॉक दिसला तर आपण ज्युनिअरला धारेवर धरतो. घरी गेलो की तेच करतो आणि त्याला 'मुलाला जपणं' म्हणतो.

सरकारचंही फार वेगळं नाही. त्याच वर्षी आईवडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी केंद्राने 'पीएम केअर्स'मधून योजना जाहीर केली, वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळतील अशी. महाराष्ट्रानेही ठेवीची योजना आणली. पैसे लागतातच, मी त्याची टिंगल करणार नाही. फी भरायला लागते, घरभाडं द्यायला लागतं. पण आठव्या वर्षी जे होतं त्याचं तेविसाव्या वर्षी मिळणारं काहीतरी, एवढंच आपल्याला सुचलं. मधल्या पंधरा वर्षांत मुलाशी कोण बोलणार, हा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये रकाना होऊन आला नाही.

मराठीतलं एक उदाहरण यात अगदी चपखल बसतं आणि ते फारसं कोणी या बाजूने बघत नाही. नारायण संत १९४६ साली गेले. पत्नी इंदिरा संत. त्यांच्या पुढच्या सगळ्या कवितेवर या मरणाची सावली आहे आणि मराठी वाचकाने ती कविता डोक्यावर घेतली, योग्यच केलं. 'शेला' आला १९५१ साली. त्याच घरात एक मुलगा होता, त्या वेळी नऊ वर्षांचा. ऑस्करच्या वयाचा. प्रकाश नारायण संत. तो मोठा झाला, भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि 'वनवास' हे त्याचं लंपनच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक आलं १९९४ मध्ये. मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि शेवटचं 'झुंबर' २००२ मध्ये. बेळगावकडे आजी-आजोबांपाशी राहणारा लंपन आपल्याला हसवत, गुदगुल्या करत नेतो आणि चौथ्या पुस्तकापर्यंत येईतो त्याचे वडील जातात. लंपन म्हणजे संतच असं मी म्हणत नाही, कथा ही कथा असते. पण वर्षं मोजा. एकच घर, एकच मृत्यू. मोठ्या माणसाचं दुःख पाच वर्षांत पुस्तकापर्यंत पोचलं. मुलाच्या आवाजातलं दुःख आपल्यापर्यंत पोचायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. आणि आपण लंपनबद्दल काय बोलतो? किती निरागस! ते 'मॅडसारखं' किती गोड! ऑस्करला जो 'क्यूट'चा शिक्का बसतो तोच इथे 'निरागस' होऊन बसतो. निरागस म्हटलं की वाचणाऱ्याला पुढे काही ऐकायला नको.

आता यावर हमखास येणारं उत्तर: मग काय, लहान मुलाला सगळं सांगत सुटायचं? पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वाचून दाखवायचा? नाही. मी सांगण्याबद्दल बोलतच नाहीये, विचारण्याबद्दल बोलतोय. कादंबरीतली आई बघा. शेवटाकडे ऑस्करला कळतं की आपण ज्या ज्या घरी गेलो तिथे बहुतेक ठिकाणी आईने आधीच फोन करून ठेवला होता. म्हणजे तिला मोहिमेबद्दल माहीत होतं आणि तिने त्याला जाऊ दिलं. काही जणांना हे खोटं वाटतं, काहींना बेजबाबदार. मला ती बाई फार मोठी वाटते. पोराला थांबवलं नाही, त्याच्या पुढे पुढे जाऊन जग थोडं सुरक्षित करत राहिली. पण हिसका पुढे आहे. एवढी जागरूक आई, आणि तिलासुद्धा आन्सरिंग मशीन माहीत नाही! पत्ते कळले, प्रवास कळला, मूळ गोष्ट नाही कळली. ती ऑस्कर सांगतो एका परक्या माणसाला. विल्यम ब्लॅक, ज्याची ती किल्ली निघते. फुलदाणी त्याच्या वडिलांची होती, त्याने घरातला माल विकायला काढला तेव्हा ऑस्करच्या वडिलांनी ती विकत घेतली, आत किल्ली आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्या माणसाला ऑस्कर सहाव्या फोनबद्दल सांगतो आणि मला माफ करता का म्हणून विचारतो. तो माणूस समजतो, फोन न उचलल्याबद्दल. तसं नसतं. ऑस्करला माफी हवी असते ती हे कोणालाच सांगता न आल्याबद्दल.

ही जागा वाचून ज्याला 'गिमिक' सुचतं त्याच्याशी माझं भांडण पुस्तकाबद्दलचं नाही.

जाता जाता सिनेमाबद्दल, कारण 'मी पिक्चर बघितलाय' म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्टीफन डाल्ड्रीचा, २०११ चा. टॉम हँक्स, सँड्रा बुलक, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन वगैरे. (ऑस्करला ऑस्कर मिळालं नाही.) मुलाचं काम थॉमस हॉर्नने उत्तम केलंय. पण सिनेमावाल्यांनी शेवटी काय करावं? ऑस्कर सेंट्रल पार्कमधल्या झोपाळ्यापाशी जातो, बैठकीखाली हात घालतो आणि तिथे वडिलांनी आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी निघते, त्याचं अभिनंदन करणारी! थिएटरात लोक हमसून हमसून रडले असतील. माझ्या मते हे 'ऑनसाइट'च आहे, जास्त बजेटचं. मेलेल्या बापाने उत्तर पाठवलं, दोन टिका आल्या, निळ्या झाल्या. फोअरने ही लाच दिलेली नाही. त्याच्या पुस्तकात कुलूप दुसऱ्याचं निघतं, ऑस्कर किल्ली त्या माणसाला देतो, पेटीत काय आहे ते बघायलाही थांबत नाही आणि घरी येतो. नंतर एका रात्री आजोबांबरोबर जाऊन रिकामी शवपेटी उकरतो आणि तिच्यात आजोबांनी मुलाला लिहिलेली, कधीच न पाठवलेली पत्रं भरून ठेवतो.

वाचणार असाल तर कागदी प्रतच घ्या, किंडलवर नको. शेवटच्या पानांवर टॉवरवरून पडणाऱ्या माणसाचे फोटो उलट्या क्रमाने लावलेत, पानं अंगठ्याने फडफडवली की तो वर वर जातो. दहा-बारा सेकंदांचं काम आहे. बरेच जण ते करतात आणि मग पुस्तक मिटून थोडा वेळ काही बोलत नाहीत. मी बघितलंय.